स्वीटवॉटरचं घर अजून उभं आहे

सिनेमाचा सेट मोडायचाच असतो. तसं ठरवूनच तो बांधतात. समोरून खिडक्या-दारं, सज्जा, पाटी, सगळं जिथल्या तिथे. मागे जाऊन पाहावं तर नुसते वासे, प्लायवूड आणि टेकू. कॅमेऱ्याची नजर पोहोचेल तिथवरच भिंत. शेवटचा शॉट झाला की दुसऱ्या दिवशी सुतार पहारी घेऊन हजर होतात. लाकूड विकायचं, पत्रे विकायचे, जागा मोकळी करून मालकाच्या ताब्यात द्यायची. त्या धंद्यातल्या माणसांना यात काही वावगं वाटत नाही, कारण पुढचा सेट दुसरीकडे उभा राहायचा असतो. म्हणूनच एखादी वास्तू या रिवाजातून सुटून पन्नास-साठ वर्षं टिकली, तर ती कशी टिकली हे जाणून घेतल्याशिवाय मला राहवत नाही.

असं एक घर दक्षिण स्पेनमध्ये आहे. आल्मेरिया प्रांतात, ताबेर्नास नावाच्या गावापासून जवळ, ए-९२ महामार्गाच्या कडेला. उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पुढ्यात जाडजूड ओंडक्यांचं, उंच छपराचं, लालसर रंगाचं घर. सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने १९६८ साली ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ या चित्रपटासाठी ते बांधून घेतलं. पडद्यावर ते अमेरिकेच्या ओसाड पश्चिमेतलं मॅकबेन कुटुंबाचं घर आहे आणि त्या जागेला म्हणतात स्वीटवॉटर.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो फिल्म सोसायटीच्या खेळाला, कॉलेजात असताना. पावणेतीन तासांचा सिनेमा, संवाद मोजके. एवढ्या शांततेची सवय नसल्यामुळे सुरुवातीला हॉलमध्ये चुळबुळ होती, आणि मग ते घर पडद्यावर आलं आणि चुळबुळ थांबली. तेव्हापासून ते घर माझ्या डोक्यात आहे. पुढे कामानिमित्त युरोपात राहायची संधी मिळाली, तेव्हा पॅरिस-रोमच्या आधी मला आल्मेरियाला जायचं होतं. घरच्यांना ते जरा विचित्र वाटलं, पण गेलो.

आधी ती भूमी कशी आहे ते सांगायला हवं, कारण घर टिकण्यात तिचाही वाटा आहे. ताबेर्नासचं वाळवंट म्हणजे वाळूचे ढीग नव्हेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाचा गाळ वर आला, आणि क्वचित पडणाऱ्या पण पडला की धो धो पडणाऱ्या पावसाने तो कापून काढला. त्यातून घळी, सुळके आणि कोरड्या ओढ्यांची रुंद पात्रं तयार झाली. या कोरड्या पात्रांना तिकडे ‘रांब्ला’ म्हणतात. उत्तरेला फिलाब्रेसची डोंगररांग, दक्षिणेला आल्हामिया, पलीकडे सिएरा नेवाडा. ढग येतात ते डोंगरांपलीकडेच रिकामे होतात. वर्षाला साधारण २०० ते २५० मिलिमीटर पाऊस. आपल्या माण-आटपाडीकडे, ज्याला आपण पिढ्यान् पिढ्या दुष्काळी मुलूख म्हणत आलो, तिथेसुद्धा सरासरीने याच्या दुप्पट पडतो. ऊन मात्र वर्षाला सुमारे ३,००० तास. शेतकऱ्याला ही जमीन शाप वाटावी. छायाचित्रकाराला मात्र इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रकाशाची चिंता नाही.

सिनेमावाल्यांना हे साठच्या दशकात कळलं. १९६२च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चा मोठा भाग याच प्रांतात चित्रित झाला. ताबेर्नासजवळच्या एका रांब्लात तेव्हा मरुद्यान दाखवायला खजुराची झाडं आणून लावली होती, त्यातली काही अजून तग धरून आहेत. मग इटालियन दिग्दर्शक आले. अमेरिकेत जाऊन वेस्टर्न, म्हणजे तिकडच्या पश्चिमेतल्या घोडेस्वार-बंदूकवाल्यांचे चित्रपट, काढायला परवडत नव्हतं. इथे मजूर स्वस्त, घोडे स्वस्त, आकाश फुकट. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतला हा स्पेनमधल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक. तरणीताठी माणसं कामासाठी बार्सिलोनाला, फ्रान्सला, जर्मनीला निघून जात होती. जी मागे राहिली त्यांना सिनेमाने घोड्यावर बसवलं, गोळ्या खाऊन पडायला शिकवलं आणि रोजच्या रोज पैसे दिले. पडद्यावर मेक्सिकन म्हणून दिसणारे कितीतरी चेहरे आल्मेरियाच्या जिप्सी वस्त्यांतले आहेत. त्यांची नावं श्रेयनामावलीत शोधून सापडत नाहीत, आणि ते मला फार लागतं.

लिओने यापूर्वी इथे आला होता. १९६५ साली ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’साठी ताबेर्नासजवळ त्याने एल पासो नावाचं अख्खं गाव उभं केलं. ते बांधलं कार्लो सिमीने. सिमी शिक्षणाने वास्तुविशारद. तो सेटही आखायचा आणि पात्रांचे कपडेही. त्या चित्रपटात बँकेच्या व्यवस्थापकाची छोटीशी भूमिका त्यानेच केली आहे. आपण आखलेल्या बँकेत आपणच बसणारा कलादिग्दर्शक मला दुसरा माहीत नाही. सिमीच्या वास्तूंना वजन असतं. त्याच्या सलूनचं, म्हणजे वेस्टर्नमधल्या दारूच्या गुत्त्याचं, दार ढकललं की ते दार जड आहे हे प्रेक्षकाला कळतं.

१९६८ला लिओनेला खरं तर वेस्टर्न करायचाच नव्हता. त्याच्या डोक्यात अमेरिकेतल्या गुन्हेगारी टोळ्यांचा चित्रपट होता. पण हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीला त्याच्याकडून वेस्टर्नच हवा होता. तेव्हा त्याने ठरवलं की करायचाच तर असा करायचा, की रेल्वे आली आणि बंदूकवाल्यांचं जग संपलं ही सगळी गोष्ट त्यात यावी. बर्नार्दो बर्तोलुची आणि दारिओ अर्जेंतो या दोन तरुणांना घेऊन त्याने कथा रचली, सर्जिओ दोनातीबरोबर पटकथा लिहिली. एन्निओ मोरिकोनेने संगीत चित्रीकरणाआधीच करून ठेवलं होतं. सेटवर ते लावायचे आणि नट त्या सुरांवर चालायचे.

आणि या गोष्टीच्या मधोमध ते घर आहे. ब्रेट मॅकबेन हा आयरिश विधुर. त्याने माळरानातला एक तुकडा घेतलाय, ज्याला सगळे वेड्याचा उद्योग समजतात. पण त्याला एक गोष्ट ठाऊक आहे: पश्चिमेकडे येणारी रेल्वे इथूनच जाणार, कारण इंजिनाला पाणी लागतं आणि आसपासच्या पंचक्रोशीत पाणी फक्त इथे आहे. करार असा, की रूळ पोहोचण्याआधी त्याने स्टेशन उभं केलं पाहिजे. त्यासाठी त्याने लाकडाचे ढीगच्या ढीग विकत घेऊन ठेवलेत. पुढे जे शहर वसणार त्याचं पहिलं घर म्हणजे त्याचं घर. म्हणजे घर आधी, आणि गाव त्याच्याकडे चालत येणार.

ज्या मुलखात झाड म्हणून औषधाला नाही, तिथे एवढाल्या ओंडक्यांचं घर कुठून आलं, हा प्रश्न चित्रपट पाहताना पडतो. गोष्टीत त्याचं उत्तर मॅकबेनच्या स्वप्नात आहे. प्रत्यक्षातलं उत्तर त्याहून सुंदर आहे. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने १९६४-६५मध्ये स्पेनमध्येच शेक्सपिअरच्या फाल्स्टाफ या पात्रावरचा ‘चाइम्स अॅट मिडनाइट’ केला होता. त्याच्या सेटचं उरलेलं लाकूड लिओनेच्या मंडळींनी घेतलं आणि त्यातून हे घर उभं राहिलं, असं या चित्रपटाच्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. वेल्स आयुष्यभर पैशांच्या मागे धावत, अर्धे चित्रपट अर्धेच सोडत जगलेला माणूस. त्याच्या मध्ययुगीन इंग्लंडचे वासे मॅकबेनच्या अमेरिकेत आले, तेही स्पेनमधल्या एका घळीत, आणि उभे केले इटालियन माणसाने. मी तिथे गेलो तेव्हा सगळ्यांत आधी त्या ओंडक्याला हात लावला.

तो ओंडका कसा होता ते सांगतो. माझ्या दोन्ही हातांच्या कवेत येणार नाही एवढा जाड. रंगाचे थर एकावर एक बसलेले, आणि उन्हाने त्यांना पापुद्रे सुटलेले. एका जागी रंग उडाला होता, तिथे लाकूड राखाडी पडलं होतं. तंतू वर आलेले, त्यात बोटाचं पेर जाईल एवढी लांब उभी भेग. भेगेत बारीक पिवळी माती आणि कोळ्याचं जाळं. ठोकून पाहिलं तर आवाज पोकळ आला नाही. भरीव होता. मला त्याचा खरोखर आनंद झाला, कारण इतकी वर्षं मनात एक शंका होती, की हेही आतून प्लायवूडच असेल.

पण ज्यासाठी हे घर माणसांच्या लक्षात राहिलं तो प्रसंग सांगायलाच हवा. मॅकबेनची नवी बायको जिल न्यू ऑर्लिन्सहून येणार आहे. तिच्या स्वागतासाठी अंगणात टेबलं मांडलीत, त्यांवर चौकड्यांची कापडं, पाव, फळं. मुलगी मॉरीन वाढपाच्या गडबडीत, थोरला पॅट्रिक आईला आणायला स्टेशनकडे निघायच्या तयारीत, बाप विहिरीवर. रातकिडे किर्र करताहेत. एकाएकी ते थांबतात. सगळे मान वर करून ऐकतात. पुन्हा सुरू होतात, आणि जीव भांड्यात पडतो. मग पुन्हा थांबतात. झुडपांतून पाखरांचा थवा फडफडत उठतो, मॉरीन हसून वर बघते, आणि गोळीचा आवाज येतो. ती कशी पडते ते बापाला विहिरीपाशी दिसतं. तो धावतो, पडतो; पॅट्रिकही पडतो. मग धाकटा टिमी, जो आत होता, दारातून धावत बाहेर येतो. याच दारातून. समोर तीन मुडदे, आणि मोरिकोनेचं ते गिटार एकदम कानात घुसतं. झुडपांतून लांब कोट घातलेली माणसं पुढे येतात. कॅमेरा त्यांच्या म्होरक्याभोवती फिरतो, आणि तो निघतो हेन्री फोंडा, अमेरिकन सिनेमातला सर्वांत सज्जन चेहरा. एक साथीदार त्याचं नाव उच्चारतो, आता या पोराने नाव ऐकलं. फोंडा हसतो आणि पिस्तूल उचलतो. गोळीच्या आवाजातच इंजिनाची शिट्टी मिसळते, आणि आपण स्टेशनवर असतो.

मराठी वाचकाला हे वाचताना ठाकूरचं घर आठवलं असेल, आणि ते बरोबरच आहे. झोपाळ्याचा कुरकुर आवाज, अंगणातली हसरी माणसं, लांबून येणारी एकेक गोळी, शेवटी एकटं उरलेलं पोर, आणि गोळीवर कट होऊन समोर येणारं रेल्वेचं इंजिन. १९७५च्या ‘शोले’ने हा प्रसंग स्वीटवॉटरच्या अंगणातूनच उचलला. मला यात कमीपणा वाटत नाही. रमेश सिप्पी आणि सलीम-जावेदनी त्यात वाऱ्याने उडणारी पांढरी कफनं घातली, भेटवस्तू घेऊन घरी आलेला ठाकूर घातला, आणि तो प्रसंग आपल्या मातीतला झाला. ज्याला घरी परतणं म्हणजे काय हे कळतं त्यालाच तो शेवट सुचू शकतो.

या दोन अंगणांचं पुढे काय झालं, ते मात्र अगदी वेगळं आहे. रामगढ उभं केलं राम येडेकरांनी. कलादिग्दर्शक म्हणून शोलेच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव आहे. बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरच्या रामनगरला, रामदेवर बेट्टाच्या त्या प्रचंड खडकांच्या पायथ्याशी, त्यांनी मशीद, देऊळ, पाण्याची टाकी, घरं असं सगळं गाव वसवलं. महामार्गापासून तिथवर रस्ता काढावा लागला. १९७३च्या ऑक्टोबरात चित्रीकरण सुरू झालं. आज तिथे गेलं तर खडक आहेत, आणि आता तिथे गिधाडांचं अभयारण्य आहे. रामगढ नाही. ठाकूरच्या घराची एक वीटही नाही. पन्नास वर्षांत किती माणसं ‘ते’ गाव पाहायला म्हणून रामनगरला गेली असतील, आणि खडकांकडे बघून परत आली असतील! येडेकरांच्या कामाला याहून चांगलं नशीब मिळायला हवं होतं. लिओने-सिमीच्या जोडीवर जेवढं लिहिलं गेलंय त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही आपण आपल्या या माणसाबद्दल लिहिलेलं नाही.

मग स्वीटवॉटर का टिकलं?

मजबूत होतं म्हणून, हे पहिलं उत्तर, पण ते पुरत नाही. कारण त्याच चित्रपटातलं फ्लॅगस्टोन टिकलं नाही. फ्लॅगस्टोन म्हणजे जिल जिथे गाडीतून उतरते ते रेल्वेगाव. ते इथून बरंच लांब, ग्रानादा प्रांतात, ग्वादिक्सच्या बाजूला ला कालाओरा इथे रेल्वेमार्गालगत उभारलं होतं. सिमीने त्यात विटांच्या पक्क्या इमारती बांधल्या. त्या एका गावावर झालेला खर्च लिओनेच्या १९६४च्या पहिल्या वेस्टर्नच्या संपूर्ण खर्चापेक्षा जास्त होता. जिल स्टेशनच्या खोलीत शिरते, कॅमेरा खिडकीतून तिला पाहतो, मग छपरावरून वर चढतो आणि पलीकडे सगळं गजबजलेलं गाव उलगडतं. मोरिकोनेचं संगीत त्याच क्षणी उंच जातं. सिनेमाच्या इतिहासातल्या फार मोठ्या क्षणांपैकी तो एक. आज त्या गावाच्या जागी पडक्या भिंती आणि विटांचा खच आहे. भोवती उंच पठाराची शेती, मागे ला कालाओराचा किल्ला. रूळ अजूनही तिथूनच जातात, तरी ते गाव गेलं.

फरक पडला तो शेजारामुळे. स्वीटवॉटर जिथे आहे त्याच परिसरात एल पासो होतं. तिथल्या कामगारांनी, एक्स्ट्रांनी ते गाव पुढे स्वतःच विकत घेतलं आणि पर्यटकांना दाखवायला सुरुवात केली. तेच आजचं मिनी हॉलिवूड. जवळच फोर्ट ब्राव्हो उभं राहिलं, तेही सिनेमात घोड्यावरून पडणाऱ्या माणसांच्या मेहनतीवर. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर वेस्टर्नची लाट ओसरली. फ्रँको गेला, स्पेन महागलं, इटालियन निर्माते पोलिसी चित्रपटांकडे वळले. ज्या माणसांनी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या चित्रपटांत मरण्याचं काम केलं, त्यांच्या हातात घोडे होते, कसब होतं आणि मोडायचे राहिलेले सेट होते. त्यांनी त्यावर पोट भरायचं ठरवलं. स्वीटवॉटरचं घरही असंच लोकांच्या हाती राहिलं. नंतरच्या इतर वेस्टर्नपटांतही ते वापरलं गेलं, आणि पुढे त्याच्याभोवती ‘वेस्टर्न लिओने’ नावाची सिनेमानगरी उभी झाली. सलून, बँक, शेरीफचं ऑफिस, बाजारपेठ. त्यातलं मूळ चित्रपटातलं बांधकाम म्हणजे हे एक घर; बाकीचं नंतर आलं.

हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी अंगणात उभा होतो, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. मॅकबेनने हेच तर म्हटलं होतं. आधी एक घर बांधायचं, पाण्याशी थांबायचं, आणि गाव आपल्याकडे येईल. रेल्वे काही त्या घराच्या दारात आली नाही. आला तो महामार्ग. पण गाव आलं. पडद्यावर जे अर्धवट चौकटींच्या रूपात दिसतं, शेवटच्या दृश्यात जिल कामगारांना पाणी पाजत असते तेव्हा मागे ज्याचे नुसते खांब उभे असतात, ते खरोखरच त्या घराभोवती वसलं. त्या गावात कुणी राहत नाही, तिकीट काढून लोक येतात, ठरल्या वेळी गोळीबार होतो, सगळं खरं. तरी त्या गावावर काही कुटुंबांची चूल पेटते. मला ते खोटं गाव म्हणवत नाही.

पुष्कळ रसिक या जागांना नाकं मुरडतात. म्हणतात, रंग देऊन देऊन मूळ लाकूड झाकून टाकलंय, पर्यटकांसाठी तमाशा मांडलाय, लिओनेचा एकांत कुठे राहिला. त्यांनी कोर्तिहो देल फ्राइलेला जाऊन यावं. ताबेर्नासपासून दूर, समुद्राच्या बाजूला निहारच्या माळावर अठराव्या शतकात डॉमिनिकन साधूंनी बांधलेली ही शेतवाडी. छोटं देऊळ, घंटेची कमान, अंगण, पाण्याचं टाकं. १९२८ साली इथल्या एका लग्नघरातून नवरी दुसऱ्याबरोबर पळाली आणि खून पडला. त्याच घटनेवरून स्पॅनिश कवी-नाटककार लोर्काने ‘ब्लड वेडिंग’ हे नाटक लिहिलं. लिओनेनेही ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’त ही वास्तू मठ म्हणून वापरली. म्हणजे साहित्याचा इतिहास आहे, सिनेमाचा आहे, धर्माचा आहे. २०१०मध्ये तिला सरकारी संरक्षित वारशाचा दर्जाही मिळाला. पण छप्परं कोसळली, भिंतींना भगदाडं पडली, कितीतरी वर्षं तिला तारेच्या कुंपणाबाहेरून पाहावं लागलं. अडीचशे वर्षांची खरी वास्तू ढासळत गेली आणि दोन-चार महिन्यांच्या कामापुरतं बांधलेलं घर उभं राहिलं. का, तर या घराची रोज कुणाला तरी गरज होती. कुणीतरी दर वर्षी डबा घेऊन त्याला रंग देत होतं. मूळ लाकूड दिसत नाही म्हणून हळहळणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की त्या रंगाखाली ते आहे. मी हात लावून पाहिलं आहे.

त्या चित्रपटातली माणसं एकामागून एक गेली. फोंडा १९८२ला, लिओने १९८९ला, जेसन रोबार्ड्स आणि सिमी २०००मध्ये, चार्ल्स ब्रॉन्सन २००३ला, छायाचित्रकार तोनिनो देल्ली कोल्ली २००५ला, मोरिकोने २०२०ला. जिल झालेली क्लॉडिया कार्डिनाले २०२५च्या सप्टेंबरात गेली. ती बातमी वाचली त्या रात्री मी चित्रपटाचा तो भाग पुन्हा लावला, जिथे जिल बग्गीतून घराशी उतरते. येताना तिची बग्गी मॉन्युमेंट व्हॅलीतून येते, म्हणजे अमेरिकेच्या युटा-अॅरिझोनातून. पोहोचते ती स्पेनमध्ये. मध्ये अख्खा अटलांटिक आहे आणि तो दिसत नाही. वाटेतल्या धाब्याचं आतलं दृश्य रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओमध्ये घेतलं, तेव्हा मॉन्युमेंट व्हॅलीची तांबडी धूळ मुद्दाम तिकडे नेली होती, रंग जुळावा म्हणून. जिल उतरते तेव्हा ज्या टेबलांवर मेजवानी होती, त्यांवर चार प्रेतं ठेवलेली असतात. कार्डिनाले एक शब्दही मोठ्याने बोलत नाही. ती घराकडे पाहते. इतक्या अंतरावरून आलेली बाई आणि कुणी उरलेलं नसलेलं घर, या दोघांची ती पहिली भेट आहे. त्यानंतरचा सगळा चित्रपट म्हणजे ती हे घर सोडते की धरून ठेवते, याचीच गोष्ट. ती धरून ठेवते. वेस्टर्नमध्ये बाईच्या हाती गोष्टीचा शेवट देणारे दिग्दर्शक थोडे, आणि लिओनेच्या आधीच्या चित्रपटांत तर बाईला धड जागाच नव्हती. तो या एका चित्रपटात बदलला, आणि माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम तेच.

अमेरिकेत हा चित्रपट वीसेक मिनिटं कापून दाखवला आणि तिथे तो पडला. पॅरिसमध्ये मात्र तुफान चालला. २००९ला अमेरिकेनेच आपल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला मानाने जागा दिली. ताबेर्नासमध्ये आता दर वर्षी वेस्टर्न चित्रपटांचा महोत्सव भरतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की कुणी ना कुणी सांगतं, मी अमुक चित्रपटात मेलो होतो. हे ते अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान त्यांचा हक्काचा आहे.

एक गोष्ट मात्र तिथून आल्यावरही मनातून जात नाही. चित्रपटात सगळा रक्तपात पाण्यासाठी आहे. दिसायला माळ, पण खाली पाणी. ज्याला ते कळलं त्याने जमीन धरली. आजच्या आल्मेरियात तेच चाललं आहे. किनाऱ्याकडे उतरलं की प्लास्टिकच्या हरितगृहांचा पांढरा पसारा क्षितिजापर्यंत जातो, आणि युरोपच्या हिवाळ्यातले टोमॅटो-काकड्या तिथून जातात. ताबेर्नासच्या आसपास, जिथे पूर्वी घोडे धुळीत दौडायचे, तिथे आता ऑलिव्हची दाट लागवड आहे. झाडाला झाड चिकटून, रांगच्या रांगा, ठिबकवर. तेल उत्तम होतं, बक्षिसं मिळवतं. पाणी येतं ते जमिनीखालच्या साठ्यातून. त्याच साठ्यावर शेजारच्या सोर्बासकडच्या रिओ आग्वास नदीचे झरे पोसलेले आहेत. भरपाईपेक्षा उपसा कितीतरी जास्त झाल्याने त्या झऱ्यांची धार बारीक होत गेली आहे. तिथल्या छोट्या वस्त्यांनी यावर आवाज उठवला, तक्रारी केल्या, कोर्टकचेऱ्या केल्या. ज्याच्याकडे खोल बोअर त्याचं पाणी, हा कायदा आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून कुणी स्वीटवॉटरचं घर पाहायला जाणार असेल, तर माझी विनंती आहे. सकाळी लवकर जा, दुपारचं ऊन सोसत नाही. घर निवांत बघा, ओंडक्याला हात लावा. आणि परतताना अर्ध्या तासाची वाट वाकडी करून सोर्बासच्या पुढे लोस मोलिनोस देल रिओ आग्वासला उतरा. जिप्समच्या कड्यांच्या तळाशी नदीचा उगम आहे, काठाला वेळू माजलेत, जुन्या पाणचक्क्या आहेत. तिथे राहणारी माणसं पाण्याची पातळी कुठून कुठे गेली ते काठावरच्या खुणा दाखवून सांगतात.